बायोप्सीत 'लिम्फोसाइट्स भरपूर' आहेत, मग त्या पेशी गाठ का संपवत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या गालाच्या कॅन्सरच्या रिपोर्टात गाठीत लिम्फोसाइट्स (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) भरपूर दिसल्या, तरी गाठ वाढतेच आहे. आणि सांगलीतले नातेवाईक म्हणतात, 'प्रतिकारशक्ती कमी पडतेय, गुळवेलीचा काढा सुरू करा.'

पेशी कमी पडलेल्या नाहीत. त्यांना येणारं बोलावणं थांबत नाही, हे खरं दुखणं आहे. कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोका पातळी ओलांडतं तेव्हा बोटी उतरतात, माणसं रात्रंदिवस राबतात आणि पाणी ओसरलं की घरी जातात. फ्लूमध्ये टी-पेशींचं, म्हणजे थेट हल्ला करणाऱ्या लिम्फोसाइट्सचं, असंच होतं. आठवडा-दोन आठवड्यांत विषाणू संपतो, लढलेल्या बहुतेक पेशी मरतात, थोड्या आठवण धरून राहतात. गाठीत मात्र पाणी महिनोन्‌महिने ओसरतच नाही.

लक्ष्य दिसलं की काही तासांत टी-पेशीच्या अंगावर पीडी-१ नावाचा ब्रेक येतो. तो दोष नव्हे. तो नसता तर पेशी आपल्याच शरीरावर उलटली असती. लक्ष्य संपलं की तो उतरतो. गाठीत लक्ष्य रोज समोर असतं, म्हणून तो उतरत नाही, उलट टिम-३, लॅग-३, टिजिट असे आणखी ब्रेक चढतात. कामंही साधारण क्रमानं सुटतात: आधी आयएल-२ बनवणं आणि झपाट्यानं वाढणं, मग टीएनएफ, इंटरफेरॉन-गॅमा बरंच उशिरा (ही तिन्ही टी-पेशी सोडते ती संदेश देणारी प्रथिनं). सोबत टॉक्स नावाचं प्रथिन वाढतं आणि पेशीतली कुठली जनुकं उघडी राहायची, कुठली बंद, हेच बदलून जातं. म्हणून नुसत्या विश्रांतीनं ही पेशी पहिल्यासारखी होत नाही.

सगळ्यात वाईट वाटतं ते पुढचं. टी-पेशी हल्ला करताना इंटरफेरॉन-गॅमा सोडते. त्याची चाहूल लागताच कॅन्सरपेशी अंगावर पीडी-एल१ नावाचं प्रथिन चढवते आणि तेच पीडी-१ चा ब्रेक दाबतं. त्यात गाठीतलं ग्लुकोज कॅन्सरपेशी ओरबाडतात, लॅक्टिक आम्ल साचतं, ऑक्सिजन अपुरा पडतो, आणि टी-पेशी आणखी दमते.

निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही इंजेक्शनं हा ब्रेक सोडवतात. पण पूर्ण दमलेल्या पेशी त्यानं फारशा उठत नाहीत. उठतात त्या टीसीएफ-१ प्रथिन टिकवून असलेल्या, बियाण्यासारख्या राखीव पेशी. त्या शिल्लक नसतील तर औषधाचा फारसा उपयोग होत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या चाचणीत डोक्या-मानेच्या बऱ्या न होण्याजोग्या कॅन्सरमध्ये तोंडी औषधांच्या जोडीला दर ३ आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब दिलं, तेव्हा वर्षभरानं ४३.४ टक्के रुग्ण हयात होते. नुसत्या तोंडी औषधांवर १६.३ टक्के. नेहमीचा डोस दर २ आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असतो. खर्चाचं दडपण असेल तर हे डॉक्टरांशी जरूर बोला.

रिपोर्टातल्या त्या शब्दांवरून मात्र काही ठरवू नका. साध्या रंगवलेल्या काचेवर गडद निळे गोल ठिपके दिसतात. त्यातली कुठली पेशी दमलेली आणि कुठली जुन्या विषाणूची ओळख घेऊन सहज आत शिरलेली, ते कळत नाही. ही इंजेक्शनं उपयोगी पडण्याची शक्यता किती, याचा अंदाज यायला पीडी-एल१ तपासणी आणि तिचा सीपीएस आकडा मागा: पीडी-एल१ असलेल्या सगळ्या पेशी, म्हणजे कॅन्सरपेशी, लिम्फोसाइट्स आणि मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी), भागिले जिवंत कॅन्सरपेशी, गुणिले १००. मिरजेला किंवा मुंबईला दाखवायला जाताना नुसत्या काचा नेऊ नका, बायोप्सीचा तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक न्या. कापून ठेवलेल्या जुन्या काचांवर पीडी-एल१ फिका येतो आणि आकडा खोटा कमी निघतो.

काढा देऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गुळवेलीनंतर यकृताला सूज आल्याचे रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत, आणि ब्रेक सोडवणाऱ्या इंजेक्शनांनीही तशीच सूज येऊ शकते. दोन्ही एकाच वेळी चालू असतील आणि डोळे पिवळे झाले, तर दोष कुणाचा हे शोधण्यात दिवस जातील आणि तोवर इंजेक्शन थांबवावं लागेल.