चिप विकत घेतली, मग वर रॉयल्टी कसली?

प्रश्न: डिसेंबर 2014 मध्ये एरिक्सनच्या केसमुळे शाओमीची भारतातली विक्री कोर्टाने थांबवली, मग आठवड्याभरात रेडमी 1एस परत आला पण रेडमी नोट काही आला नाही. असं का? आणि चिप पैसे मोजून घेतलेली असते ना, मग रॉयल्टी कशाची?
– एक वाचक, सांगली

उत्तर: एरिक्सन म्हटलं की आपल्याला टॉवर आठवतो, पण फोनमधल्या एएमआर (म्हणजे बोलणं दाबून लहान करून पाठवायची पद्धत), एज (2जीवरचं इंटरनेट) आणि 3जी यातली काही पेटंटं त्यांची होती, आणि ती स्टँडर्डमध्येच (म्हणजे सगळ्या फोननी पाळायच्या ठरलेल्या नियमांतच) बसलेली, त्यामुळे त्यांना बगल देऊन फोन बनवताच येत नव्हता. म्हणूनच लायसन्स वाजवी दरात आणि भेदभाव न करता द्यायचं असं ठरलेलं असतं, त्याला फ्रँड म्हणतात. आता वाजवी म्हणजे किती, घोडं पेंड खातं ते इथंच!

1एसमध्ये क्वालकॉमची चिप होती, आणि क्वालकॉमकडे एरिक्सनचं लायसन्स आहे असं शाओमीचं म्हणणं, म्हणून दिल्ली हायकोर्टाने क्वालकॉमवाल्या फोनना तात्पुरती सूट दिली, तीही फोनमागे 100 रुपये कोर्टात भरायच्या अटीवर. तेव्हा विकायला आलेल्या रेडमी नोटमध्ये मीडियाटेक या दुसऱ्या कंपनीची चिप, तिला ही सूट नव्हती, म्हणून तो अडकला.

म्हणजे चिपला किंमत आहेच. पण एरिक्सन रॉयल्टी मागत होती ती अख्ख्या फोनच्या किमतीवर. मायक्रोमॅक्सच्या तक्रारीवर 2013 मध्ये स्पर्धा आयोगाने (बाजारातली दादागिरी तपासणारी सरकारी संस्था) साधा हिशेब मांडला होता: 1.25 टक्के दराने 100 रुपयांच्या फोनवर सव्वा रुपया आणि तीच चिप 1000 च्या फोनमध्ये घातली की साडेबारा. कॅमेरा भारी, स्क्रीन मोठी, यात एरिक्सनने काय केलं? पेटंटवाले म्हणतात की नेटवर्क नसेल तर तो कॅमेऱ्याचा फोटो पाठवणार कुठून, आणि हेही अगदीच खोटं नाही, पण मला तरी आयोगाचा हिशेब पटतो. क्वालकॉम पण स्वतःच्या पेटंटांसाठी टक्केवारीच घेते, मात्र त्यांनी पुढे फोनची किंमत जास्तीत जास्त 400 डॉलरच धरायची असं ठरवलं.

आयोगाचं पुढे काही चाललं नाही, 2023 मध्ये दिल्ली हायकोर्टानेच सांगितलं की पेटंट लायसन्सची चौकशी हे तुमचं कामच नाही. आणि लावा ही भारतीय फोन कंपनी, जिने एरिक्सनशी भांडण निकालापर्यंत नेलं, तिच्यावर मार्च 2024 मध्ये एरिक्सनला 244 कोटी द्यायचा निकाल पडला.