वचन पाठवलं आणि मैत्रीण दुरावली

सप्रेम सलाम.

तुम्ही लिहिता, 'रोज सकाळी मी ओळखीच्या सगळ्यांना मोबाइलवर बायबलमधलं एक वचन पाठवते. सोबत काम करणाऱ्या मैत्रिणीचा गर्भपात झाला, तेव्हा तिला यिर्मया 29:11 पाठवलं, देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत असं सांगणारं. "हे मला आत्ता नको होतं," एवढंच तिचं उत्तर आलं. तेव्हापासून ती कामापुरतंच बोलते. आमच्या चर्चचे पाळक म्हणतात, येशूची सुवार्ता सांगणं प्रत्येक विश्वासणाऱ्याचं काम आहे. गप्प बसले तर प्रभूला नाकारल्यासारखं वाटतं, बोलले तर माणूस तुटतं. काय करू?'

पाळकांचं म्हणणं बरोबर आहे आणि तुमची कळकळही खरी आहे. ती विझू देऊ नका. पण जे वचन तुम्ही पाठवलंत, त्याच्या मागचा-पुढचा मजकूर आज शांतपणे वाचा.

बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, नेलेल्या यहूदी बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेहून लिहिलेल्या पत्रातली ती ओळ आहे. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील. ऐकायला किती गोड! आणि ते खोटं होतं. यिर्मया लिहितो, घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण 70 वर्षं लागणार आहेत. देवाचे संकल्प हिताचे आहेत हे वाक्य त्यानंतर येतं. पत्र ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. म्हणजे हे वचन दुःख झटकून टाकायला सांगत नाही, लांबलेल्या दुःखात देव सोबत आहे असं सांगतं. एकटी ओळ उचलून पाठवली की तिचा सूर हनन्यासारखा होतो. 'होईल सगळं ठीक.' मूल गमावलेल्या आईला तोच सूर ऐकू आला असणार.

वचनाशी प्रामाणिक राहायचं तर ते पूर्ण वाचावं लागतं, आणि समोरच्या माणसाकडेही तितक्याच लक्षपूर्वक पाहावं लागतं. बायबलमधल्या ईयोबावर मोठं दुःख कोसळलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्दही न बोलता. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच. बोलायला लागल्यावर त्यांचं बिनसलं, आणि शेवटी देवाचा कोप झाला तो त्यांच्या बोलण्यावर. म्हणून तुमचं गप्प राहणं म्हणजे प्रभूला नाकारणं नव्हे. येशूचा शिष्य पेत्र आपल्या पहिल्या पत्रात आशेविषयी उत्तर द्यायला सदैव तयार राहा म्हणतो, पण कोणाला? जो विचारतो त्याला, आणि तेही सौम्यतेने.

आता मैत्रिणीकडे जा. मेसेज नको, समोरासमोर. सोबत कुठलंही वचन नको. म्हणा, 'त्या दिवशी तुझं दुःख ऐकून न घेताच मी बोलले. माझं चुकलं. तुला बोलावंसं वाटलं तर मी ऐकेन, नाही वाटलं तरी चालेल.' पुढे 'पण' जोडू नका. ती रागावली तर रागावू द्या. तिच्या वाटणीचं एखादं काम उरकून देता आलं तर द्या, आणि त्याचा गवगवा करू नका.

रोजचे सरसकट संदेश काही दिवस थांबवा, असं माझं स्पष्ट मत आहे. तो वेळ एक अख्खा अध्याय वाचायला द्या. कोणी आपणहून मागत असेल त्याला जरूर पाठवा, आणि ते वचन तुमच्या स्वतःच्या कुठल्या अडचणीत उपयोगी पडलं हे दोन ओळींत लिहा.

कधीतरी मैत्रीणच विचारेल, 'देवाने असं का होऊ दिलं?' ठाऊक नसलेलं उत्तर देऊ नका. 'मला माहीत नाही' म्हणा आणि ती तयार असेल तर 13 वं स्तोत्र दोघी मिळून वाचा. 'हे परमेश्वरा, कुठवर?' हा प्रश्न तिथे चार वेळा येतो.