बालीत एका दिवसाची सहल: धबधबा, गाव आणि एजंटाची सात ठिकाणे

नमस्कार ताई,

आपला प्रश्न मी समजलो तो असा. मे महिन्याच्या सुट्टीत आपण दोघे, दोन मुले आणि ६८ वर्षांच्या सासूबाई असे पाच जण खानापूरहून बालीला निघाला आहात आणि उबुडला चार रात्री मुक्काम आहे. तेथून ‘धबधबे आणि पारंपरिक गाव’ या नावाची एक दिवसाची गाईडसह सहल एजंटाने सुचवली असून तिच्यात सात ठिकाणे आहेत. ती घ्यावी की नाही, हे आपल्याला ठरवायचे आहे. मी बेळगावच्या वडगावचा, बालीला दोनदा जाऊन आलो आहे. पहिल्या खेपेस जवळजवळ अशीच सहल विकत घेतली होती आणि दुसऱ्या खेपेस पत्नी व सासूबाईंसह स्वतः आखून केली. त्या अनुभवावरून सांगतो की गाईड आणि गाडी जरूर घ्यावी, परंतु ठिकाणे सातऐवजी तीन, आणि सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर दोनच ठेवावीत.

आपण पाठवलेल्या यादीत लेंपुयांगचे देऊळ, तुकाड चेपुंग धबधबा, पेंगलिपुरान गाव, तेगलालांगची भातखाचरे, कांतो लांपो धबधबा, तेगेनुंगान धबधबा आणि लुवाक कॉफीचा मळा आहे. यांतील लेंपुयांग बेटाच्या पूर्व टोकाला, कारांगआसेम भागात आहे आणि उबुडहून तेथे जायलाच सुमारे दोन तास लागतात. बालीत अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये, कारण रस्ते अरुंद, गावे एकमेकांना चिकटलेली आणि दुचाक्या अमाप. तीस किलोमीटरला तास सहज जातो. शिवाय लेंपुयांगच्या ज्या दरवाजाचे प्रतिबिंब पाण्यात पडलेले दिसते, तेथे पाणी नाही. छायाचित्र काढणारा माणूस मोबाईलच्या कॅमेऱ्याखाली आरशाचा तुकडा धरतो आणि त्यासाठी लोक नंबर लावून दोन-दोन तास बसतात. कांतो लांपोलाही खडकावर उभे राहून एकेकाने फोटो काढून घेण्याची रांग असते. लुवाक कॉफी म्हणजे उदमांजराने खाल्लेल्या आणि त्याच्या विष्ठेतून निवडून काढलेल्या बियांची कॉफी. अनेक मळ्यांत ही जनावरे पिंजऱ्यात ठेवलेली असतात. मुलांना ते पाहून आनंद होईल असे मला वाटत नाही. अशा सहलींच्या यादीत असे मळे आणि चांदीची दुकाने का येतात, तर गिऱ्हाईक आणणाऱ्याला तेथे कमिशन मिळते. आमच्या पहिल्या सहलीत ड्रायव्हरने अशा दोन दुकानांत मिळून दीड तास घालवला आणि ज्या गावासाठी आम्ही गेलो होतो तेथे घड्याळ दाखवून पंचवीस मिनिटे दिली. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता, कारण यादीच तशी होती आणि आम्हीच ती डोळे झाकून घेतली होती.

आता जे घ्यावे त्याविषयी. तुकाड चेपुंग आणि पेंगलिपुरान ही दोन्ही ठिकाणे, तसेच तिबुमाना नावाचा तिसरा धबधबा, बांगली या एकाच भागात आहेत. बालीच्या भागांपैकी समुद्रकिनारा नसलेला हा एकमेव भाग, म्हणजे बेटावर जाऊन दिवसभर समुद्र न पाहण्याचा हा कार्यक्रम आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. तुकाड म्हणजे नदी. येथे पाणी गुहेसारख्या अरुंद कपारीत वरून पडते आणि सकाळी साधारण आठ ते दहाच्या दरम्यान ऊन वरच्या फटीतून तिरपे आत शिरते, तेव्हा तुषारांमध्ये प्रकाशाचे पट्टे उभे राहतात. आकाश मोकळे असेल तरच ते दिसतात आणि उशिरा गेल्यास नुसती ओली गुहा पाहून परत यावे लागते, म्हणून उबुडहून साडेसहाला निघणे आवश्यक आहे. मात्र खाली उतरायला बऱ्याच पायऱ्या आहेत आणि शेवटचा टप्पा ओढ्याच्या पाण्यातून, गोट्यांवरून चालत जावा लागतो. सासूबाईंना तेथे नेऊ नये. वर खुर्च्या आणि चहाची टपरी असते, एकाने त्यांच्यासोबत थांबावे. त्यांच्यासाठी तिबुमाना बरा, कारण तेथे बांधलेली वाट आहे, पायऱ्या बेताच्या आहेत आणि धबधबा सपाट जागेतून समोर दिसतो.

उंचीची अपेक्षा ठेवू नये, हे आपल्या भागातील माणसाला आवर्जून सांगावे लागते. ज्याने भर पावसात गोकाकला घटप्रभेचे तांबूस पाणी ५२ मीटरवरून कोसळताना पाहिले आहे आणि झुलत्या पुलावर उभे राहून तो आवाज छातीत ऐकला आहे, त्याला तुकाड चेपुंगचे पंधरा मीटर किरकोळ वाटतील. फरक दुसऱ्या गोष्टीत आहे. गोकाकला मे महिन्यात गेलात तर बहुधा उघडा खडक दिसतो, आणि बालीतील हे धबधबे मात्र झऱ्यांच्या पाण्यावर असल्याने कोरड्या दिवसांतही वाहतात. बालीचा पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च असतो, आपल्या उलट. त्यामुळे आपण निवडलेला मे महिना उत्तम आहे, पाणी स्वच्छ असते आणि ओढा अचानक फुगण्याची भीती कमी. तरीही वरच्या अंगाला ढग दाटले असतील आणि स्थानिक माणूस ‘उतरू नका’ म्हणाला तर त्याचे ऐकावे. आंबोली-जांबोटीकडे पावसाळ्यात हिंडणाऱ्यांना ओढा किती पटकन चढतो हे ठाऊकच आहे.

गावासाठी किमान दोन तास ठेवावेत, तीन मिळाले तर अधिक चांगले. पेंगलिपुरानला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने २०२३ साली उत्तम पर्यटन गावांच्या यादीत घेतले, तेव्हापासून गर्दी वाढली आहे. तिकीट काढून आत जावे लागते, आणि सरळ चढत गेलेली फरसबंद वाट, दोन्ही बाजूंना एकसारखे दरवाजे आणि कुंड्यांतील फुले हे इतके नीटनेटके आहे की पहिल्या नजरेत ‘हे पर्यटकांसाठी सजवले आहे’ असे वाटते. माझेही पहिल्या वेळी तसेच मत झाले होते. परंतु गावात खरोखर कुटुंबे राहतात, मुख्य वाटेवर वाहन आणायचे नाही हा नियम गावाने स्वतः पाळला आहे, आणि दरवाजांवरील व स्वयंपाकघरावरील छपरे बांबूच्या चिपांची आहेत, ज्यांचा बांबू गावाने राखलेल्या बनातून येतो. एका घराच्या स्वयंपाकघरात आम्ही डोकावलो तेव्हा चुलीच्या धुराने आतून छप्पर काळेभोर झाले होते आणि धुरामुळे बांबूला कीड लागत नाही असे घरच्या बाईने सांगितले. आमच्या आजीच्या माळ्यावरचे वासे याच रंगाचे होते.

घराची मांडणी पाहिल्यावर आपल्याला फारसे समजावून सांगावे लागत नाही. देवळ्यांची जागा डोंगराकडच्या आणि उगवतीच्या कोपऱ्यात असते, म्हणजे दक्षिण बालीत ईशान्येला, आणि खालच्या, समुद्राकडच्या बाजूला अशुद्ध मानलेल्या गोष्टी. डोंगर वर व समुद्र खाली, ही त्यांची मुख्य दिशा. गावाच्या वरच्या टोकाला देऊळ आणि खालच्या टोकाला स्मशान, हेही त्याच हिशोबाने. गावाने एक जागा अशीही राखून ठेवली आहे की जो पुरुष दुसरी बायको करील त्याने तेथे जाऊन राहावे. ती जागा मोकळी पडली आहे. ही गोष्ट गाईडने सांगितल्यावर आमच्या सासूबाई दिवसभरात पहिल्यांदा मोठ्याने हसल्या.

त्यांच्याकडे बांजार म्हणून वस्तीची संघटना असते. आपल्या गावची देवस्थान पंचकमिटी डोळ्यांसमोर आणावी. फक्त तिचा अधिकार लग्न, मयत, देवळाचे काम आणि वर्गणी यांपर्यंत सर्वत्र पोहोचतो आणि कामाला न येणाऱ्याला दंडही होतो. यात्रेआधी आपल्याकडे गावोगाव वार पाळतात, त्या दिवशी शेतात औत जात नाही, हे ज्याने लहानपणापासून पाहिले आहे त्याला न्येपी हा त्यांचा मौनाचा दिवस समजायला वेळ लागत नाही. त्या दिवशी संपूर्ण बेट बंद असते, रस्त्यावर कोणी येत नाही, विमानतळही चोवीस तास बंद ठेवतात. तो बहुधा मार्चमध्ये येतो, त्यामुळे आपल्याला अडचण नाही. गालुंगान हा सण दर २१० दिवसांनी येतो आणि तेव्हा प्रत्येक दारासमोर पेंजोर नावाचा वाकलेला, सजवलेला उंच बांबू उभा असतो. आपल्या तारखांच्या आसपास तो येतो का, हे गाईडला आधीच विचारावे. गुढीपाडव्याच्या घरातील मुलांना तो पाहून नक्कीच काहीतरी सुचेल.

माझ्या मते या सहलीतील सर्वांत मोलाचा अर्धा तास आम्हाला एका ओट्यावर मिळाला. तेथे एक बाई नारळाच्या कोवळ्या पानांचे चानांग, म्हणजे देवाला ठेवायचे छोटे चौकोनी द्रोण, करत बसली होती. पान हाताच्या वेताने कापायचे, दुमडायचे, आणि कोपरा बांबूच्या बारीक काडीने टाचायचा. पत्नी खानापूर तालुक्यातील असल्याने लहानपणी तिने पत्रावळी टाचल्या आहेत. तिने न विचारताच एक पान उचलले आणि चोय, म्हणजे पत्रावळी टाचायची बारीक काडी, टोचावी तशी ती काडी टोचली. त्या बाईने तिच्या हाताकडे पाहिले, द्रोण फिरवून पाहिला आणि दहा-बारा पाने तिच्यापुढे सरकवली. नंतर फुले कशी ठेवायची ते दाखवले: पूर्वेला पांढरे ईश्वराचे, दक्षिणेला तांबडे ब्रह्म्याचे, पश्चिमेला पिवळे महादेवाचे, उत्तरेला गडद रंगाचे विष्णूचे. हे द्रोण रोज दुकानांच्या उंबऱ्यावर आणि रस्त्यावरही ठेवलेले असतात, त्यामुळे चालताना खाली पाहावे आणि त्यावर पाय पडू देऊ नये.

येथेच गाईडची खरी गरज कळते. धबधब्याला गाईड नसला तरी चालते, पाणी आपोआप दिसते. गावात मात्र मध्ये बोलणारा कोणी नसेल तर दरवाजे पाहून परत यावे लागते. म्हणून आरक्षण करताना ‘ड्रायव्हर-कम-गाईड’ म्हणजे नेमके काय, हे विचारून घ्यावे. नुसता ड्रायव्हर गाडीतच थांबतो. परवाना असलेला, बाली भाषा बोलणारा आणि शक्य तर बांगलीकडचा गाईड वेगळा मागावा, आणि ‘एकही दुकान नको’ हे लेखी कळवावे. तेथील लोक घरात बाली बोलतात, कचेरीत इंडोनेशियन वापरतात आणि सरकारी पाट्यांवर बाली आणि रोमन अशा दोन्ही लिप्या दिसतात. पाट्यांचा विषय बेळगावच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही, आमचा गाईड मात्र आमच्या उत्साहाने चकित झाला होता. त्याला नावाने हाक मारण्याऐवजी ‘ब्ली’, म्हणजे दादा, म्हणावे. आणि निरोप घेताना ‘सुक्स्मा’ म्हणावे, तो आपला ‘सूक्ष्म’ शब्दच तेथे धन्यवाद म्हणून वापरात आहे.

देवळात शिरायचे असल्यास कमरेला वस्त्र आणि पट्टा बांधावा लागतो, तो बहुतेक ठिकाणी मिळतो. पाळी चालू असलेल्या स्त्रीने आणि सुतक असलेल्यांनी आत जाऊ नये असा नियम आहे आणि तो पाटीवर लिहिलेला असतो.

सासूबाई शाकाहारी आहेत असे आपण लिहिले आहे, तेव्हा जेवणाची खबरदारी थोडी जास्त घ्यावी. टोफू आणि टेंपे हे सोयाबीनचे पदार्थ सर्वत्र मिळतात, परंतु भाजीत आणि चटणीत ‘तेरासी’ नावाची कोलंबीची खार बिनदिक्कत घातलेली असते, शेंगदाण्याच्या रस्स्यातही असू शकते. ‘तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा तेरासी’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, तेरासी नको, हे तिन्ही वेगवेगळे सांगावे, कारण नुसते ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर माशांचा विचार होत नाही. गावात घरोघरी ‘लोलोह चेमचेम’ नावाचे हिरवे, आंबट-खारट पाल्याचे पेय बाटलीत विकतात. मुलांना कदाचित आवडणार नाही. मला कोकमाच्या जवळचे वाटले. आम्ही मात्र सासूबाईंसाठी दशम्या आणि शेंगाचटणी बरोबर घेतली होती आणि गावच्या वाटेवरच्या ओट्यावर बसून ती खाल्ली. कोणी हरकत घेतली नाही, उलट चटणी मागून घेतली.

पैशांविषयी एवढेच की एका रुपयाला साधारण १८० ते १९० रुपिया मिळतात, शून्ये फार असल्याने गोंधळ होतो, म्हणून तीन शून्ये पुसून राहिलेल्या आकड्याला साडेपाचने गुणावे. पन्नास हजार म्हणजे आपले पावणेतीनशे. आगमनावर मिळणारा व्हिसा पाच लाख रुपियांचा आणि फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना लागू झालेला प्रवेशकर दीड लाख रुपियांचा, असे दोन खर्च माणशी धरावेत. तिकिटांसाठी आणि टपऱ्यांसाठी रोख जवळ ठेवावी.

दिवस असा लावावा: साडेसहाला निघून आठच्या आत तुकाड चेपुंग, साडेनऊला वर येऊन नाश्ता, साडेदहा ते दीड पेंगलिपुरान, नंतर जेवण, आणि सासूबाईंची तयारी असेल तर परतीच्या वाटेवर तिबुमाना. पाचच्या सुमारास उबुडला पोहोचाल. मुलांसाठी ओल्या दगडांवर न घसरणाऱ्या, मागे पट्टा असलेल्या सँडल बेळगावातूनच घ्याव्यात, पावसाळ्याआधी गणपत गल्लीत भरपूर मिळतात. एजंटाने तीन ठिकाणांसाठी सात ठिकाणांचेच पैसे सांगितले तर तक्रार न करता द्यावेत, पण गाईडचा अट म्हणून वेगळा उल्लेख पावतीवर करून घ्यावा. तारखा ठरल्या की कळवा, आमच्या गाईडने सांगितलेल्या दोन-तीन गोष्टी सासूबाईंना आवडतील अशा आहेत, त्या लिहून पाठवतो.