वाचकांचे प्रश्न: लाल-निळा चष्मा आणि ‘स्पाय किड्स’चा तिसरा भाग

प्रश्न: नमस्कार ताई, सुट्टीत मुलांना ‘स्पाय किड्स’चे (गुप्तहेर बहीणभावांचे ते अमेरिकन) सिनेमे ओळीने दाखवले. पहिले दोन घरात सगळ्यांनाच आवडले पण तिसरा, तो ‘थ्रीडी: गेम ओव्हर’, मला अर्ध्यातच नकोसा झाला. मुलं खुश होती. नंतर वाचलं तर समीक्षकांनी पण त्याला धुतलंय. आमचे हे म्हणतात मुलांचाच तर सिनेमा आहे, त्यात काय एवढं बघायचं. तुम्हाला काय वाटतं? – एक वाचक, नाशिक

उत्तर: नमस्कार. मला समीक्षकांचं पटतं, आणि ‘मुलांचाच तर सिनेमा आहे’ हे वाक्य मला अजिबात पटत नाही, कारण मुलं एकच सिनेमा दहादा बघतात, तेव्हा त्यांच्यासाठी तर जास्त नीट बनवायला हवा ना?

आणि या समीक्षकांना मुलांच्या सिनेमाचं वावडं होतं असंही नाही. अमेरिकेतले नावाजलेले समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २००१ चा पहिला भाग आणि २००२ चा दुसरा भाग, दोन्हींचं मनापासून कौतुक केलं होतं. २००३ च्या तिसऱ्याला मात्र त्यांनी चारपैकी फक्त दीड स्टार दिला. दिग्दर्शक तोच, रॉबर्ट रॉड्रिगेझ, जो लिहितो पण स्वतःच, कॅमेरा पण स्वतःच धरतो आणि एडिटिंग पण स्वतःच करतो. मुलं तीच, जूनी आणि कार्मेन. मग बदललं काय? तर थ्रीडीचा लाल-निळा चष्मा आला.

त्या वेळी डिजिटल थ्रीडीची थिएटरं नव्हती. पोलराइज्ड (रंगाऐवजी प्रकाशाच्या दिशेने दोन चित्रं वेगळी करणाऱ्या) चष्म्यासाठी वेगळा पडदा आणि प्रोजेक्शनची वेगळी सोय लागते, लाल-निळ्या पुठ्ठ्याच्या चष्म्याला तसलं काहीच लागत नाही, कुठल्याही थिएटरात चालतो, म्हणून तो निवडला. पण तो चालतो कसा बघा, एका डोळ्याला लाल काचेतून एक चित्र, दुसऱ्याला निळ्या काचेतून थोडं बाजूने घेतलेलं दुसरं, आणि मेंदू दोन्ही जोडून खोलपणाचा भास तयार करतो. खोलपणा मिळतो पण रंग जातात, पडदा अंधारा होतो, सगळं मळकट जांभळट दिसायला लागतं. ईबर्ट यांची मोठी तक्रार या थ्रीडीबद्दलच होती. या मालिकेची अर्धी मजा तिच्या भडक, खेळण्यासारख्या रंगांत होती आणि तेच धुऊन निघाले!

रंगांचं एकवेळ सोडून देऊ, माझा खरा राग गोष्टीवर आहे. पहिल्या भागात आईबाबा पकडले जातात आणि भांडकुदळ बहीणभाऊ त्यांना सोडवायला निघतात, तिथली गॅजेट्स मजेशीर आहेत पण ती त्या दोघांच्या भीतीला, भांडणाला धरून येतात. तिसऱ्यात कार्मेन एका व्हिडिओ गेममध्ये अडकलीये, जूनी तिला सोडवायला आत शिरतो, आणि मग रेस, रोबोटांची मारामारी, लाव्हारसावरून सर्फिंग, एक लेव्हल संपली की दुसरी, आणि दर थोड्या वेळाने काहीतरी तुमच्या नाकापर्यंत येतं कारण तुम्ही चष्मा लावलाय. जवळजवळ सगळं हिरव्या पडद्यासमोर शूट केलंय (मागचं दृश्य नंतर कॉम्प्युटरवर भरतात), मुलांना हात लावायला खरं काही नाहीच, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. आईबाबा (अँटोनियो बांदेरास आणि कार्ला गुजिनो) तर शेवटी पाहुण्यासारखे येऊन जातात. ज्या मालिकेचा जीव कुटुंबात होता तिथेच कुटुंब बाहेर बसवलंय.

एक गोष्ट मात्र समीक्षकांच्या गडबडीत राहून जाते असं मला वाटतं. व्हीलचेअरवरचे आजोबा, रिकार्डो मोन्टाल्बान. गेममध्ये त्यांना एक सूट मिळतो आणि ते चालायला लागतात, आणि शेवटी ज्याच्यामुळे ते खुर्चीत बसले त्या टॉयमेकरला, म्हणजे सिनेमातल्या खलनायकाला (सिल्व्हेस्टर स्टॅलोन), ते माफ करतात. मोन्टाल्बान स्वतः खऱ्या आयुष्यात व्हीलचेअर वापरत होते. या प्रसंगाला चष्म्याची काहीच गरज नाही, साध्या टीव्हीवरही तो तसाच लागतो. मुलांशी बोलायचं तर यावर बोला, आजोबांनी माफ का केलं असेल विचारा.

माझी कसोटी हीच, चष्मा काढल्यावर काय उरतं. आपल्याकडचा ‘छोटा चेतन’ आठवतोय का, १९८४ चा मल्याळम ‘माय डिअर कुट्टीचात्तन’, जो १९९८ मध्ये हिंदीत आला? त्यात मुलं भिंतीवरून चालत चालत छतावर जातात. त्यासाठी अख्खी खोली गोल फिरेल असा सेट बांधला होता. ते दृश्य आज चष्म्याशिवाय बघितलं तरी डोळे मोठे होतात.

पैसा मात्र तिसऱ्या भागाने भरपूर कमावला, पहिल्या आठवड्यात अमेरिकेत एक नंबरला होता. म्हणून तर चष्म्याचं कौतुक पुढे चालू राहिलं.

प्रश्न: मग चौथा दाखवू का? – त्याच वाचक

उत्तर: २०११ च्या त्या भागात थ्रीडी होतंच, वर वासाचं कार्डही दिलं होतं, पडद्यावर आकडा आला की कार्डावरचा तोच आकडा खरवडायचा आणि हुंगायचा. घरी ते कार्ड नसणार, आणि त्याशिवाय सिनेमात फार काही राहत नाही. मी नाही दाखवणार. त्यापेक्षा दुसरा भाग परत लावा, बेटावरचे ते विचित्र प्राणी आणि सांगाडे मुलांना परत बघायला आवडतीलच.

प्रश्न: घरी लाल-निळ्या चष्म्याने बघितलं तर माझ्या मुलीचं डोकं दुखतं, धाकट्याला तर काही पुढे आल्यासारखं दिसतच नाही म्हणे. असं का? – एक बाबा, पुणे

उत्तर: टीव्हीचे रंग आणि चष्म्याच्या काचा जुळल्या नाहीत की एका डोळ्याचं चित्र दुसऱ्यात झिरपतं, कडा दुहेरी दिसतात, आणि डोळ्यांवर ताण येतो. सरळ टूडी लावा, काही गमावत नाही. धाकट्याचं मात्र मनावर घ्या. चष्मा वाईट असेल म्हणूनही दिसत नसेल, पण एक डोळा कमजोर असला, ज्याला आळशी डोळा म्हणतात, तरी थ्रीडी दिसत नाही आणि मुलं आपणहून तक्रार करत नाहीत कारण त्यांना तसंच बघायची सवय असते. लहान वयात उपचार लवकर लागू पडतो, तेव्हा या आठवड्यातच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणा.