दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन जोडून टंचाईच्या गावाला पाणी का देता येत नाही?

पाणी असं बनवता येतं, आणि ते अवघडही नाही. हेन्री कॅव्हेंडिशने 1780 च्या दशकातच हायड्रोजन पेटवून पाणी मिळवलं होतं. तरीही पारोळ्याच्या बाजूला मे महिन्यात टँकरच का लागतो, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं मुळापासून सांगतो.

ऑक्सिजनच्या बाहेरच्या कक्षेत सहा इलेक्ट्रॉन असतात, हायड्रोजनकडे एकच. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन दोन्ही हायड्रोजनशी इलेक्ट्रॉनची एकेक जोडी वाटून घेतो. दोन भावांच्या सातबाऱ्यावर एकच सामाईक विहीर असावी, तशी ही जोडी दोघांच्याही हिशोबात धरली जाते. उपसा मात्र सारखा नसतो. ऑक्सिजन जोडी स्वतःकडे जास्त ओढतो, म्हणून त्याची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची किंचित धन होते. त्यात रेणू सरळ रेषेत नसून 104.5 अंशात वाकलेला. एका रेणूची धन बाजू शेजारच्याच्या ऋण बाजूला धरून ठेवते, म्हणून इतका हलका रेणू असूनही पाणी आपल्या 45 अंशांच्या उन्हातही द्रव राहतं.

ऑक्सिजनला आठ इलेक्ट्रॉन 'हवे असतात' असं वर्गात सर्रास सांगतात. मला ते पटत नाही. अणूला कसलं आलंय हवं-नको! जोडी वाटून घेतली की एकूण ऊर्जा कमी होते, म्हणून बंध टिकतो.

मग दोन्ही वायू एकत्र ठेवले की आपोआप पाणी का होत नाही? कारण हायड्रोजनचे अणू आधीच आपसात जोडलेले असतात, ऑक्सिजनचेही. ते जुने बंध सैल व्हायला सुरुवातीला ऊर्जा लागते. ठिणगी पडली की मात्र थांबत नाही: नवे बंध जुन्यांपेक्षा मजबूत असल्याने दर 18 ग्रॅम पाण्यामागे सुमारे 286 किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते, आणि तीच पुढच्या रेणूंना पेटवते. भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रात 500 मेगावॅटचे संच आहेत. एवढे मोठे जनरेटर थंड ठेवायला आत हायड्रोजन खेळवतात. तो भरण्याआधी आतली हवा कार्बन डायऑक्साइडने हुसकून लावतात, कारण हवेत 4 ते 75 टक्क्यांच्या दरम्यान हायड्रोजन असला की एका ठिणगीत स्फोट.

आता टंचाईचा हिशोब. हवेत ऑक्सिजन फुकट आहे, पण मोकळा हायड्रोजन जवळजवळ नाहीच. एक लिटर पाण्याला तो साधारण 111 ग्रॅम लागतो. पाण्यातूनच विजेने वेगळा करायचा म्हटलं तर पाच-सहा युनिट वीज जाते, आणि त्यासाठी फोडावं लागतं बरोबर एक लिटर पाणी.