प्रेअरी डॉगसाठी .223 की .22-250?

अमेरिकेतल्या साउथ डकोटा-वायोमिंगच्या माळावर 300-400 यार्डांवरून प्रेअरी डॉग (बिळात राहणारे, खारीच्या कुळातले छोटे प्राणी) टिपायचे असतील, तर पहिली रायफल .223 रेमिंग्टन या काडतुसाचीच घ्या. काडतुसं स्वस्त, सगळीकडे मिळणारी. धक्का इतका कमी की स्वतःची गोळी कुठे पडली ते स्कोपमधूनच दिसतं. धूळ डावीकडे उडाली की पुढचा नेम लगेच सुधारता येतो.

.22-250 हे दुसरं काडतूस वेगवान आहे यात शंका नाही. 55 ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप, साधारण 0.065 ग्रॅम) गोळी सेकंदाला सुमारे 3,650 फुटांनी सुटते, .223 मधून साधारण 3,240 फुटांनी. त्यामुळे गोळी कमी खाली येते आणि वाऱ्याने कमी सरकते. पण त्यात दारू जास्त जळते, बॅरल पटकन तापतं आणि चेंबरपुढचा (काडतूस बसतं त्या जागेपुढचा) भाग लवकर झिजतो. दिवसाला शेकडो गोळ्या झाडायच्या असतील तर हे महागात पडतं. अधूनमधून एखादाच कोयोटी (लांडग्यासारखा छोटा प्राणी) मारायचा असेल, तर मात्र खुशाल .22-250 घ्या.

बहुतेक लोक चुकतात ते ट्विस्टमध्ये, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या बॅरलमधल्या खाचांच्या पिळात; 1:12 म्हणजे 12 इंचांत एक फेरा. 1:12 च्या बॅरलला 55 ग्रेनपर्यंतच्या गोळ्या मानवतात. 75 ग्रेनची लांब गोळी घातलीत तर ती स्थिर होत नाही, कागदावर आडवी भोकं पडतात. म्हणून .223 घेताना 1:8 बघा.

400 यार्डांपुढे रोज जोराचा वारा असेल तर .243 विंचेस्टर हे मोठं काडतूस घ्या, 87 ग्रेनच्या गोळीचं. धक्का वाढेल, पण गोळी कमी भरकटेल.