टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घरी घ्यायची तर आधी काय बघायचं?

प्रश्न थोडक्यात असा: वय २३, ट्रान्समॅन (जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेला पुरुष), पुण्यात धनकवडीत आईवडिलांबरोबर राहतो. सायकियाट्रिस्टचं पत्र हातात आहे, एंडोक्रिनोलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) समजूतदार मिळाले आहेत आणि ते म्हणतात, टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची सुरुवात झाली की पुढची इंजेक्शनं घरीच घेता येतील. हे सुरक्षित आहे का? सुईची भीती वाटते, आईला काय सांगू, आणि दिवाळीत साताऱ्याला आजीकडे जायचंय तर आधी सुरू करू की नंतर?

तू माझ्यापेक्षा बराच लहान आहेस म्हणून अरेतुरे करतो. मी डॉक्टर नाही. काही वर्षं टेस्टोस्टेरॉनवर असलेला, मांडीत स्वतः इंजेक्शन घेणारा पुण्यातला माणूस आहे, तेवढ्याच अधिकाराने लिहितोय.

घरी घेणं सुरक्षित असतं, फक्त ते सुईवर ठरत नाही. टोचणं कुणीही शिकतं. ठरतं ते यावर, की तुझ्या रक्तात काय चाललंय यावर कुणाची नजर आहे का. समजूतदार डॉक्टर म्हणजे गोड बोलणारा, पहिल्याच भेटीत चिठ्ठी लिहून देणारा, असं आपल्याला वाटतं, कारण आधी भेटलेल्यांनी फार वाईट वागवलेलं असतं. मलाही एका डॉक्टरांनी 'लग्न करून टाक, सगळं जागेवर येईल' असं फी घेऊन सांगितलं होतं. (असं 'बरं' करायचा प्रयत्न हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, हे नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये राज्यांच्या मेडिकल कौन्सिलना लेखी कळवलंय. पुन्हा कुणी असं बोललं तर हे लक्षात असू दे.) त्यानंतर कुणी नुसतं नाव विचारून त्याच नावाने हाक मारली तरी डोळ्यांत पाणी येतं. पण माझ्या आत्ताच्या डॉक्टर मॅडम मला चांगल्या वाटतात त्या वेगळ्याच कारणासाठी. एकदा रिपोर्ट बघून त्यांनी सरळ सांगितलं, 'या वेळचा डोस घ्यायचा नाही, आधी परत सीबीसी कर.' मला राग आला होता. पण वेळ आली की नाही म्हणणारा डॉक्टर असेल, तरच घरी इंजेक्शन घेण्यात अर्थ आहे.

सीबीसी म्हणजे रक्तपेशींची तपासणी. ती का, ते सांगतो. टेस्टोस्टेरॉनमुळे तांबड्या पेशी वाढतात, रक्त दाट होतं. रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट नावाचा आकडा असतो, तो ५४ टक्क्यांच्या वर गेला तर गुठळीचा धोका धरून डोस कमी करतात किंवा थांबवतात. ही गोष्ट आतून जाणवेलच असं नाही. तू एकदम ठणठणीत असशील आणि आकडा चढलेला असेल. सिगरेट ओढत असशील तर तो आणखी चढतो, तेव्हा टपरीवरचा चहा चालू ठेव, दुसरं सोड. सुरू करण्याआधी सीबीसी, लिव्हर, लिपिड, साखर, रक्तदाब एवढं बघून घेतात. पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्त, नंतर वर्षातून एकदोनदा. तुझ्या डॉक्टरांनी यातलं काहीच सांगितलं नसेल तर तू विचार. विचारल्यावर ते चिडले, तर ते किती समजूतदार आहेत याचा पुन्हा विचार कर.

रिपोर्ट वाचताना एक गोष्ट होणार. लॅबच्या कागदावर तुझ्यापुढे 'स्त्री' असं असेल तर शेजारी बायकांच्या मर्यादा छापून येतात आणि हिमोग्लोबिनपुढे, टेस्टोस्टेरॉनपुढे लाल अक्षरं येतात. घाबरू नकोस, डॉक्टर पुरुषांच्या मर्यादेशी ताडून बघतात. टेस्टोस्टेरॉनची पातळी बघायची ती साधारणपणे दोन इंजेक्शनांच्या मधोमध, आणि तेव्हा डेसिलिटरमागे ४०० ते ७०० नॅनोग्रॅमच्या आसपास असावी असं धरतात. इंजेक्शननंतर लगेच रक्त दिलंस तर आकडा उगाच मोठा दिसतो, पुढचं घ्यायच्या आदल्या दिवशी दिलंस तर लहान. म्हणून इंजेक्शनची तारीख रिपोर्टवरच पेनाने लिहून ठेव.

आता औषध. आपल्याकडे बहुतेकांना सस्टेनॉन २५० किंवा टेस्टोव्हिरॉन डेपो मिळतं. दोन्ही तेलातली, एक मिलिलीटरच्या अँप्यूलमध्ये, म्हणजे मान मोडून उघडायच्या काचेच्या बंद कुपीत. सस्टेनॉनचं तेल शेंगदाण्याचं, टेस्टोव्हिरॉनचं एरंडेल. हसू नकोस, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर सस्टेनॉन चालत नाही, आणि दाण्याचं कूट घालून जेवणाऱ्या घरात हे वेळेवर आठवायला हवं. किती आणि किती दिवसांनी, ते मी मुद्दाम लिहीत नाही. माझा डोस माझ्या रक्तावरून ठरलाय, तुझा तुझ्यावरून ठरेल. एवढं मात्र सांगतो, की दोन इंजेक्शनांत जास्त अंतर असेल तर शेवटच्या दिवसांत थकवा आणि चिडचिड होते, घरचे म्हणतात 'याला झालंय काय'. असं झालं तर डॉक्टरांना सांग, काही जणांना ते कमी डोस कमी अंतराने देतात. त्यात एक अडचण आहे. अँप्यूल फोडली की उरलेलं औषध ठेवून पुढच्या वेळी वापरायचं नसतं, फेकायचंच. पैसे जातात, पण गळू झालं तर त्याहून जास्त जातात.

सर्नोस डेपोसारखं १००० मिलिग्रॅमचं लांब पल्ल्याचं इंजेक्शनही असतं. ते घरी नाही. चार मिलिलीटर तेल असतं, दवाखान्यातच हळूहळू देतात आणि नंतर अर्धा तास बसवून ठेवतात, कारण तेलाचा अंश फुफ्फुसापर्यंत गेला तर खोकल्याची उबळ येते, धाप लागते.

खरेदी चिठ्ठीवरच आणि पक्क्या बिलावर कर. हे इंजेक्शन बॉडी बनवणाऱ्यांतही चालतं, त्यामुळे त्याचा बनावट मालही फिरतो. कर्वे रोडवर एका मेडिकलवाल्याने मला चिठ्ठी बघण्याआधीच विचारलं होतं, 'कुठल्या जिमला?' मी म्हटलं, 'डॉक्टरांच्या.' जिममधला ट्रेनर 'माझ्याकडे स्वस्तात आहे, मीच मारून देतो' म्हणाला तर हसून सोडून दे. दुकान एकच धर. दोनतीनदा गेलास की ते स्वतःहून मागवून ठेवतात आणि प्रश्न बंद होतात.

सुईच्या भीतीबद्दल. सुरुवातीची इंजेक्शनं दवाखान्यात सिस्टरकडून घे, पुढची तिच्या समोर बसून स्वतः घे, आणि ती 'ठीक आहे' म्हणाली की मगच घरी. व्हिडिओ बघून सुरू करू नकोस. स्वतः घेताना कुल्ल्यात घ्यायचं नाही. तिथून मोठी नस जाते आणि मागे वळून नेमकी जागा सापडत नाही. मांडीची बाहेरची बाजू सोयीची. एक तळवा जांघेच्या खाली ठेव, दुसरा गुडघ्याच्या वर, मधे जो भाग उरतो त्याच्या बाहेरच्या अंगाला. एकदा डावी, एकदा उजवी. पोट भरलेलं असू दे आणि बसून घे, कारण भीतीने चक्कर येणाऱ्यांना ती उभं असताना लवकर येते. हात साबणाने धू, स्पिरिट लावलेली जागा पूर्ण वाळू दे. नाहीतर चुरचुरतं आणि लोक औषधाला दोष देतात.

अँप्यूल फ्रिजमध्ये ठेवायची नाही. डिसेंबरात पुण्यात तेल घट्ट होतं, तेव्हा तळहातात धरून थोडी ऊब दे. मान कापसात धरून आपल्यापासून लांबच्या दिशेने मोडायची. औषध ओढायची सुई जाड, टोचायची वेगळी आणि बारीक. ओढलेल्या सुईचं टोक काचेवर घासून बोथट झालेलं असतं, तीच वापरली की दुखतं. सरळ आत, आणि मग सावकाश. एक मिलिलीटर तेलाला मिनिटभर लागू दे. मी त्या वेळात रेडिओवरच्या जाहिराती ऐकतो, एक जाहिरात संपेपर्यंत काम होतं. दुसऱ्या दिवशी मांडी ठणकते, जिना चढताना आठवण येते, हे नेहमीचं. काही डॉक्टर कातडीखाली बारीक सुईनेही द्यायला सांगतात. तुला मोठ्या सुईचीच धास्ती असेल तर तसं चालेल का, ते त्यांना विचार.

जागा लाल, गरम, कडक होऊन ताप आला तर वाट न बघता दवाखाना. अंगावर पित्त उठलं, श्वास अडकला, छातीत दुखलं, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तर १०८ ला फोन. असं सहसा होत नाही, पण घरात कुणालाच काही माहीत नसेल तर झाल्यावर पंचाईत होते.

म्हणून आईचं. 'बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन आहे' हे सगळ्यांच्या ओठावर येतं. नको सांगूस. उद्या बेशुद्ध पडलास तर डॉक्टरांना खरं सांगणारं घरात कुणीतरी हवं. सगळ्यांना सांगायची सक्ती नाही, आई नसेल तर बहीण, मावशी, मित्र, पण एका माणसाला औषधाचं नाव आणि डॉक्टरांचा नंबर माहीत असू दे. माझ्या आईला कळलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती आणि मग विचारलं, 'उपाशीपोटी चालतं का?' अजूनही ती नावात घोळ करते. पण इंजेक्शनच्या दिवशी नाश्ता झाल्याशिवाय सिरिंज हातात घेऊ देत नाही. तुझ्या आईला मराठीत वाचायला हवं असेल, तर बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला, त्यांचं या विषयावरचं लिखाण साध्या मराठीत आहे. आईवडिलांना पुण्यातल्याच माणसाने लिहिलेलं जरा लवकर पटतं.

वापरलेल्या सुया. हे कुणी विचारत नाही म्हणून मीच काढतो. आपला कचरा स्वच्छ संस्थेच्या ताई हाताने वेगळा करतात. सुक्या कचऱ्यात उघडी सुई गेली तर ती त्यांच्याच बोटात जाणार. फिनेलची जाड प्लास्टिकची रिकामी बाटली घे, टोपण परत न लावता सुई थेट तिच्यात टाक, भरत आली की झाकण चिकटपट्टीने बंद करून डॉक्टरांच्या दवाखान्यात दे. घेतील का, हे सुरुवातीलाच विचारून ठेव.

डॉक्टरांशी आधी बोलायच्या आणखी दोन गोष्टी, ज्या अवघडल्यामुळे राहून जातात. पुढे कधी स्वतःचं मूल हवंसं वाटलं तर बीजांडं गोठवण्याचा विषय सुरू करण्याआधीच काढायला हवा. आणि पाळी थांबली म्हणजे गर्भ राहत नाही असं नाही. हे औषध गर्भनिरोधक नाही, आणि गर्भ राहिलाच तर ते त्याला घातक ठरतं.

बदल कधी दिसतील, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असणारच. पहिल्या काही महिन्यांत त्वचा तेलकट, मुरुम, भूक. पाळी साधारण सहा महिन्यांत थांबते. आवाज फुटायला काही महिने लागतात, मधे तो कोंबड्यासारखा होतो आणि फोनवर लोक 'कोण बोलतंय?' विचारतात. मिसरूड त्याच्याही नंतर, आणि दाढी भरायला काही वर्षं. डोस वाढवून यातलं काही लवकर होत नाही. फाजील टेस्टोस्टेरॉनचं शरीरात काही प्रमाणात इस्ट्रोजेनच होतं, म्हणजे घाई उलट अंगावर येते.

मग दिवाळी. नंतर सुरू कर. साताऱ्यात कुणाला काही दिसेल म्हणून नाही, पहिल्या आठवड्यात काहीच दिसत नसतं. पण पहिलं इंजेक्शन घेतल्यावर तू पुण्यात, डॉक्टरांच्या हाकेच्या अंतरावर असलेलं बरं, आणि सुट्टीत दवाखाने बंद असतात. रक्त मात्र आत्ताच देऊन ठेव, म्हणजे भाऊबीज आटोपून परत आलास की रिपोर्ट घेऊनच जाता येईल. पुढे कधी गावी असताना इंजेक्शनची तारीख आली तर एकदोन दिवस मागेपुढे झाल्याने सहसा बिघडत नाही. जास्त दिवस गेले तर डॉक्टरांना फोन कर. राहिलेलं भरून काढायला दोन डोस एकदम घ्यायचे नाहीत.